भाजीवालीला गेटच्या आत येऊ द्या: फ्लॅट स्कीमच्या अध्यक्ष-सचिवांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या सर्व फ्लॅट स्कीमचे अध्यक्ष, सचिव आणि कमिटीचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

आपल्या शहरात मनीषनगर घ्या, त्रिमूर्तीनगर घ्या, बेसा-बेलतरोडी घ्या नाहीतर गोधनी रोड घ्या, फ्लॅट स्कीमच्या गेटवर एक पाटी हमखास दिसते. 'फेरीवाले, भाजीवाले, कबाडीवाले यांना आत येण्यास सक्त मनाई आहे.' काही ठिकाणी ही पाटी आधीपासून होती. पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी स्कीममध्ये ती लागली २०२० च्या उन्हाळ्यात. आधी कागदावर प्रिंट काढून चिकटपट्टीने डकवली, पुढे फ्लेक्स झाला, आता पत्र्यावर पेंट करून पक्की ठोकली आहे. कोरोनाचं बाकी सगळं निघालं, ही पाटी तेवढी राहिली.

ती काढावी, आणि ठरलेल्या वेळी, नोंद असलेल्या फेरीवाल्यांना कमिटीच्या देखरेखीखाली आत येऊ द्यावं, एवढी माझी विनंती आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते.

पाटी लावली तेव्हा ती लावणं बरोबरच होतं, हे आधी सांगायला हवं. नागपुरात पहिला रुग्ण सापडला ११ मार्च २०२० ला. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, सारा देश बंद झाला. पुढे सतरंजीपुरा, मोमिनपुरा सील झाले, तोवरही हा विषाणू नेमका कसा पसरतो हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. प्लॅस्टिकवर तो तीन दिवसांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत टिकू शकतो, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासात दिसलं होतं. तेवढं वाचून घराघरांत धुणंपुसणं सुरू झालं. दुधाची पिशवी साबणाने धुऊनच ओट्यावर यायची. सांबार, म्हणजे कोथिंबीर, सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. आलू-कांदे गॅलरीत उन्हात पसरायचे आणि संध्याकाळी आत घ्यायचे. मी तेव्हा आमच्या कमिटीत होते. गेट बंद करण्याच्या ठरावावर माझी सही आहे, आणि तो ठराव मला आजही चुकीचा वाटत नाही. साठी-सत्तरीची माणसं प्रत्येक मजल्यावर होती. त्यांना जपायचं होतं.

पण त्याच महिन्यांत आपण आणखीही काही करत होतो, ते आता कुणी आठवत नाही.

कॉटन मार्केटमध्ये गर्दी नको म्हणून भाजीबाजार शहरातल्या मैदानांवर पांगवला होता. शेतकऱ्यांचे गट थेट वस्त्यांमध्ये माल घेऊन येऊ लागले होते. आमच्या स्कीमसमोर काटोलकडचा एक शेतकरी मृग बहाराची संत्री टेम्पोत भरून आला. एरवी हीच संत्री कळमन्याच्या घाऊक बाजारात उतरली असती आणि तिथून ट्रकने कुठल्या कुठे गेली असती. स्कीमच्या ग्रुपवर मेसेज पडला, ज्याला जेवढे डझन हवे त्याने तेवढे लिहिले, आणि तासाभरात टेम्पो रिकामा झाला. थैली ज्याची त्याने आणायची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर दोरीला टोपली बांधून खाली सोडली. पैसे टोपलीतून खाली, संत्री टोपलीतून वर. त्या सगळ्या व्यवहारात प्लॅस्टिकची एकही पन्नी लागली नाही, आणि संत्री इतकी ताजी होती की देठाला हिरवी पानं तशीच होती.

घरातही तेच. जे आहे त्यात भागवायचं. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची, कोहळ्याच्या बिया वाळवून ठेवल्या जायच्या, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा. एप्रिल-मेमध्ये गच्च्यांवर कितीतरी वर्षांनी कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या वाळत पडल्या आणि शेजारच्या मुलींनी त्या हातांनी घालून पाहिल्या. ओला कचरा खाली न्यायलाही लोक कचरत होते, म्हणून गच्चीवर जुन्या माठात खत करायचं दोघा-तिघांनी सुरू केलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. त्या उन्हाळ्यात स्कीममधल्या कचऱ्याच्या बादल्या किती हलक्या होत्या, हे तुमच्याकडे सफाई करणाऱ्या दादांना विचारा. सगळे घरी होते, वेळ होता आणि मनात भीती होती, म्हणून हे जमलं, हेही खरं. पण जमलं होतं.

मग हे सुटलं कुठे? माझ्या मते गेटवर सुटलं.

फेरीवाला आत येत नाही म्हटल्यावर माणसं मोबाइलकडे वळणारच. सुरुवातीला पार्सल गेटवरच्या टेबलावर ठेवलं जायचं, वॉचमनदादा त्यावर फवारा मारायचे, आपण खाली जाऊन उचलून आणायचो. १५ ते २१ मार्च २०२१ ला शहरात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, आणि त्यानंतरच्या एप्रिलमध्ये नागपूरने जे पाहिलं ते आपल्यापैकी कुणालाच सांगायची गरज नाही. घरंच्या घरं आजारी पडली. तेव्हा औषध, दूध, डबा दाराशी आणून ठेवणारी पोरं होती म्हणून निभावलं. त्यांच्यासाठी गेट उघडलं गेलं, आणि ते योग्यच झालं. फक्त त्या दिवसांपासून आपल्या गेटचे दोन नियम झाले. पार्सल आत, टोपली बाहेर.

२ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला राज्यातले सगळे निर्बंध उठले. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मुख्य म्हणजे पाटी ज्या भीतीने लागली ती भीती त्याच्या बरीच आधी निराधार ठरली होती. हा आजार मुख्यतः हवेतून, बंद आणि कोंदट जागांत पसरतो हे स्पष्ट झालं. वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं. म्हणजे उघड्या आवारात, कडुलिंबाखाली उभी असलेली हातगाडी हे एसीच्या बंद दुकानापेक्षा सुरक्षित दुकान होतं. त्या वेळी आपल्याला हे माहीत नव्हतं. आता आहे.

आता टोपली बाहेर राहिल्याने काय काय बंद झालं ते सांगते.

आमच्याकडे वर्षानुवर्षं एक मावशी यायच्या. पहाटे कॉटन मार्केटमधून माल उचलायचा, ऑटोने नाक्यापर्यंत यायचं, तिथून डोक्यावर टोपली. पालेभाजीवर ओलं पोतं टाकलेलं असायचं आणि त्यावर अधूनमधून पाण्याचा हबका. उन्हाळ्यात नऊच्या पुढे मेथी मान टाकते, म्हणून त्या तेवढाच माल आणायच्या जेवढा नऊपर्यंत संपेल. उरलं तर शेवटच्या घरी निम्म्या भावात देऊन टाकायच्या. त्यांच्या धंद्यात फेकायला काही उरतच नव्हतं. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पानं यायची, काटवल यायचे, कधी पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यातून आलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. थंडीत पोपटाच्या शेंगा, हरभऱ्याची भाजी, आंबट चुका. आमच्या घरात कोणता महिना चालू आहे हे ताटात कळायचं. तरोटा मोबाइलवर कुठे मिळतो ते मी शोधून पाहिलं. मला तरी सापडला नाही. आमच्या स्कीममधली लहान मुलं ती भाजी ओळखतही नाहीत, आणि ती आपल्या शहराच्या सीमेवर पावसाळाभर फुकट उगवते.

आणखी एक. मावशींकडे दोन वांगी मागितली तर दोन मिळायची. चार मिरच्या हव्या असतील तर चार. आमच्या पहिल्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांना आता पाकिटात येईल तेवढं घ्यावं लागतं, आणि निम्मं फ्रिजमध्ये सडून कचऱ्यात जातं. त्यांना याचं फार वाईट वाटतं. अन्न टाकू नये असं त्या पिढीला शिकवावं लागलं नव्हतं.

एका सकाळी मी मुद्दाम बसून पाहिलं. एका घरी आलेली साधी भाजी: बरबटी भोकं पाडलेल्या पन्नीत, सांबाराला प्लॅस्टिकची लांब बाही, टमाटर थर्माकोलसारख्या ताटलीत आणि वरून ताणून बसवलेला पारदर्शक कागद, लिंबं जाळीत, प्रत्येकावर भावाचं स्टिकर, आणि हे सगळं एका कागदी पिशवीत, जिच्यावर पर्यावरणाची काळजी घ्या असं छापलेलं. कागदी पिशवी तेवढी कामाची. बाकी सगळं दहा मिनिटांत ओट्यावरून डस्टबिनमध्ये. ही पातळ, स्टिकर चिकटलेली, ओली पाकिटं कबाडी घेत नाही, कारण त्याला पुढे त्याचे पैसे मिळत नाहीत. ती जातात भांडेवाडीच्या कचरा डेपोला. आपल्या शहरातून रोज हजार टनांहून जास्त कचरा निघतो, आणि उन्हाळ्यात भांडेवाडीला आग लागली की धूर कुणाच्या घरात जातो हे पूर्व नागपुरातल्या लोकांना विचारा.

राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ला काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आणली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरिबॅग चालत नाही. या नियमांचा दंड हातगाडीवाल्याला भरावा लागतो. कंपनीच्या पॅकिंगला नियम वेगळे आहेत, त्यामुळे आपल्या दारात येणाऱ्या त्या ढिगाला कुणी हात लावत नाही. तो ढीग कमी करणं फक्त आपल्या हातात आहे, म्हणून पत्र महापालिकेला लिहिण्याऐवजी तुम्हाला लिहिते आहे.

कबाडीवाल्याबद्दल थोडक्यात. तो दारात यायचा तेव्हा रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, काच वेगळी, लोखंड वेगळं, असं आपल्या डोळ्यांसमोर वजन व्हायचं. आज पार्सलमुळे पुठ्ठा कितीतरी वाढला आहे आणि तो घेणारा माणूस गेटबाहेर उभा आहे. मग तो पुठ्ठा ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो, भिजतो आणि कुणाच्याच कामाचा राहत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांवर कचरा वेगळा करण्याची आणि विकण्यासारखा माल अधिकृत वेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना देण्याची जबाबदारी टाकलेली होती. लहान स्कीमला नियम लावायला कुणी येणार नाही. पण पुठ्ठा दोघांकडे सारखाच भिजतो.

आणि कूलरवाला. याच्याबद्दल मला थांबून लिहायचं आहे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात दुसरं कुणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

फाल्गुन उतरणीला लागला की सायकलच्या कॅरिअरवर वाळ्याचे गठ्ठे बांधून तो गल्लीगल्लीत फिरायचा. त्याची हाक ऐकू आली की गच्चीवरचे, गॅलरीतले कूलर उघडले जायचे. तो ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या वाळा भरलेल्या जाळ्या, खाली उतरवायचा. आपल्या पाण्यातल्या क्षाराने गेल्या वर्षीचा वाळा पांढरा आणि कडक झालेला असायचा, तो झटकून काढायचा, जाळी घासायचा, तारेचा पीळ सोडवून नवा वाळा थरावर थर बसवायचा. भरून झालं की मग्गाभर पाणी वरून ओतून बघायचा, कुठे कोरडी जागा राहिली का. राहिली असेल तर ती बोटाने चाचपून तेवढ्यात आणखी चार काड्या. मग पंपाला तेल, पंख्याच्या बुशला तेल, फुटलेल्या पायाला पत्र्याचा तुकडा. सासूबाईंच्या काळातला पत्र्याचा कूलर आमच्याकडे अजून चालतो तो या हातांमुळे. वाळ्यातून येणारा तो पहिला ओला वास ज्यांच्या लहानपणात आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

तो आत येईना झाल्यापासून काय झालं? ज्यांना ताट्या भरून मिळाल्या नाहीत त्यांनी नवा प्लॅस्टिकचा कूलर मागवला. जुना पत्र्याचा भंगारात गेला. काहींनी एसी लावला, आणि त्याची गरम हवा शेजाऱ्याच्या गॅलरीत. एक दुरुस्ती टळली की एक नवीन वस्तू घरात येते, आणि तिच्यासोबत थर्माकोल, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकचा आणखी एक ढीग. चाकू-कात्रीला धार लावणारा, कुकर-शेगडी दुरुस्त करणारा, कापूस पिंजून गादी भरून देणारा, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया, यांचंही तसंच. टिकाऊ जगणं शिकवायला आता शाळांमध्ये प्रकल्प देतात. ते करून दाखवणारी माणसं आपल्या दारावरून परत जात आहेत.

मागच्या पावसाळ्यात मावशी मला गेटबाहेर भेटल्या. टोपली खाली ठेवून रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे हेल्मेटवाले पोट्टे दिवसभर आतबाहेर करतेत, त्यायले कोणी अडवत नाही. मलेच काहून अडवता जी?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखरच विचारत होत्या. मी त्यांना काय सांगणार होते? की तुमच्या हातून कोरोना येईल अशी भीती आहे? ती तर आता कुणालाच नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, सुरक्षिततेचं काय. हा प्रश्न मी हलका मानत नाही. स्कीममध्ये चोऱ्या होतात, दुपारी घरात एकटी बाई किंवा म्हातारं माणूस असतं. पण नीट विचार करा. पार्सल घेऊन येणारा मुलगा रोज वेगळा असतो, त्याचं नावही वॉचमनला माहीत नसतं, आणि तो थेट चौथ्या मजल्यापर्यंत जातो. भाजीवाल्या मावशी मात्र वर्षभर त्याच असतात. त्यांना जिना चढायचीही गरज नाही. आपण खाली उतरू. कमिटीने त्यांचं नाव, फोटो, आधारची प्रत घेऊन ठेवावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली ज्यांना विक्री प्रमाणपत्र मिळालं आहे त्यांचं तेही बघावं. ओळखीचा माणूस गेटमध्ये असणं ही सुरक्षितताच आहे.

आवाजाची तक्रार येते. भोंगा बंद ठेवायला सांगा, ग्रुपवर मेसेज टाका, झालं. सुट्या पैशांची अडचण तर राहिलीच नाही. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून दहा हजारांचं पहिलं कर्ज घेऊन कितीतरी फेरीवाल्यांनी मोडलेला धंदा पुन्हा उभा केला, आणि आज जवळजवळ प्रत्येक हातगाडीला क्यूआर कोड लटकलेला असतो.

मिहानमध्ये नोकरी करणारी आमची शेजारीण म्हणते, काकू, सकाळी दहाला मी भाजी घ्यायला कशी येऊ? तिचं बरोबर आहे. दोघंही नोकरी करणारी घरं आता जास्त आहेत आणि त्यांना मोबाइल सोडा म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून संध्याकाळची वेळही हवी. सात ते साडेआठ हातगाडी आवारात उभी राहिली तर ऑफिसमधून आलेला माणूस गाडी लावतानाच भाजी घेऊन वर जाईल.

डिलिव्हरी करणाऱ्या पोरांविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही, हेही कृपा करून लक्षात घ्या. तीही आपल्याच शहरातली पोरं आहेत. कुणी एमपीएससीचा अभ्यास करता करता गाडी चालवतो, कुणाच्या घरी एकटाच कमावता आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना ती भर दुपारी रस्त्यावर असतात. गेटजवळ सावलीत एक माठ भरून ठेवा, त्यांच्यासाठी आणि मावशींसाठी, दोघांसाठी.

भाजीवाल्यांकडेही पन्नी असते, हे मला कुणी सांगायला नको. ती असते कारण आपण हात हलवत जातो. आत येणाऱ्याला एकच अट घाला, स्कीमच्या आवारात पन्नी द्यायची नाही. आणि रहिवाशांना एक अट, थैली आणायची. विसरणाऱ्यांसाठी वॉचमनच्या केबिनमध्ये खुंटीवर जुन्या साड्यांच्या, जुन्या चादरींच्या दहा-वीस थैल्या अडकवून ठेवता येतील. शिवून द्यायला आमच्या स्कीममधल्या दोघी तयार आहेत.

कमिटी मनावर घेते तेव्हा कोरोनाकाळातली चांगली सवय टिकते, हे आपण स्वतः पाहिलं आहे. २०२० च्या गणपतीत राज्य सरकारने घरच्या मूर्तीला दोन फुटांची आणि सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली होती. विसर्जनाची गर्दी नको म्हणून लोकांनी घरच्या बादलीत, स्कीमच्या आवारातल्या टाकीत विसर्जन केलं. नंतर मर्यादा उठली. तरी माझ्या माहितीतल्या काही स्कीममध्ये आजही मूर्तिकारांच्या चितार ओळीतून मातीची लहान मूर्ती आणतात, आवारातल्या टाकीतच विसर्जन करतात आणि ती माती बागेत घालतात. कुणी सक्ती केलेली नाही. त्या कमिट्यांनी पुढच्या वर्षीही टाकी मांडली, एवढंच.

गेटचंही तसंच करता येईल. सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी सात ते साडेआठ, नोंद असलेले दोन-तीन भाजीवाले, एक फळवाला. मृग आणि आंबिया, दोन्ही बहारांत संत्र्यांचा एखादा टेम्पो थेट बागेतून मागवायला काटोल, कळमेश्वर, नरखेड काही दूर नाही, ओळखी प्रत्येकाच्या आहेत. कबाडीला महिन्यातले दोन रविवार ठरवून द्या. तोवर पुठ्ठा आणि रद्दी ठेवायला पार्किंगमध्ये एक कोरडा कोपरा. दुरुस्तीवाल्यांना महिन्यातून एक दिवस, म्हणजे लोक आपापले कुकर, सुऱ्या, मिक्सर काढून ठेवतील. आणि ओल्या कचऱ्याचं खत करायचं मनात असेल तर सुरुवात याच दिवसांत करा. आत्ता कडुलिंबाची, पिंपळाची पानं रोज पोतंभर झडत आहेत. ती जाळली जातात आणि त्या धुराने दम्याच्या लोकांचे हाल होतात. तीच सुकी पानं ओल्या कचऱ्यावर थराथराने टाकली तर वास येत नाही, चिलटं होत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात खड्डा लवकर सुकतो, म्हणून वरून ओलं पोतं टाकायचं आणि सावली धरायची. एवढं सांभाळलं तर पावसाळ्याच्या तोंडावर झाडांना घालायला खत तयार.

यातलं काहीही खर्चाचं नाही. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची असते, पण या विषयाला तेवढं थांबायची गरज नाही, कमिटीच्या साध्या बैठकीत तीन महिन्यांसाठी करून बघता येईल. तीन महिन्यांत त्रास झाला तर बंद करा. कुणाच्या घरी चोरी झाली, भांडण झालं, आवार घाण झालं, तर मी स्वतः तुमच्या बाजूने उभी राहीन.

आमच्या स्कीमच्या कमिटीला मी हाच मजकूर अर्ज म्हणून दिला आहे आणि त्यावर आमच्यातल्या अनेक घरांनी सह्या केल्या आहेत. ठरावाचा मसुदा, फेरीवाल्यांच्या नोंदीचा साधा फॉर्म आणि आमच्या भागात फिरणाऱ्या दुरुस्तीवाल्यांची यादी, त्यांची परवानगी घेऊन, मी तयार केली आहे. ज्या स्कीमला हवी त्यांना देईन. बाकी सगळ्याला वेळ लागला तरी चालेल, पण कूलरवाल्याला या आठवड्यातच बोलवा. चैत्र लागला की तो दिवसभर गुंतलेला असतो, आणि मग ताट्या भरून मिळायला अक्षय्य तृतीया उजाडते.

आपली,
दक्षिण-पश्चिम नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीमची रहिवासी